ठकूबाईच्या मरणाचा डबा

पगाराच्या दिवशी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्या ओळीत प्रत्येक क्वार्टरमधून काही ना काही वास यायचा. कुठे मटण शिजायचं, कुठे भजी तळली जायची, आणि जिथे नवरा पगार घेऊन सरळ घरी न येता वाटेत थांबून यायचा तिथे निराळाच वास यायचा. पंजाबरावांच्या क्वार्टरमधून मात्र वास येत नसे, आवाज यायचा. डब्यांचा.

पंजाबराव पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर कामाला. माणूस घरात शिरला की आधी त्याचे पांढरे डोळे दिसायचे, मग बाकीचा माणूस. त्याने तोंड धुवायच्या आत बायको सत्यभामा पगार काढून घ्यायची, फळीवरचे डबे खाली उतरवायची आणि जमिनीवर फतकल मारून वाटणी सुरू करायची. डालड्याचे डबे, चहाचे डबे, एक बिस्किटाचा, त्याच्यावरची मेम कधीच घासून गेलेली. सत्यभामेला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्याच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. लाल किराण्याची, काळी कोळशाची, निळी कापडाची, पिवळी दुधाची. हिरव्या चिंधीचा डबा गावाबाहेर रिसालीकडे जागा घ्यायची त्याचा. क्वार्टर कंपनीचं आहे, नोकरी संपली की बाहेर काढतील, हे सत्यभामेला गृहप्रवेशाच्या दिवशीच कळलं होतं आणि तेव्हापासून ती त्या घरात पाहुण्यासारखी राहायची. पाहुणा निदान हसतो तरी.

सगळ्यात शेवटी पांढऱ्या चिंधीचा डबा. त्यात दर पगाराला दोन रुपये पडायचे. तो डबा सासूच्या तेरवीचा.

सासू म्हणजे ठकूबाई. ती तिथेच उंबऱ्यात बसलेली असायची, अगदी समोर. आपल्या मरणाचे दोन रुपये डब्यात पडताना ती दर महिन्याला ऐकायची. सुरुवातीला तिला बरं वाटलं होतं, घरात आपल्या नावाचं काहीतरी आहे म्हणून. पुढे पुढे सत्यभामा ते पैसे टाकताना एक नजर सासूवर टाकते आहे असं तिला वाटू लागलं. कोंबडी किती भरली ते बघावं, तशी नजर.

सत्यभामेचा कायदा एकच होता. एका डब्यातला पैसा दुसऱ्या डब्यात जाणार नाही. पगाराला चार दिवस उरलेले असताना किराण्याचा डबा खडखडीत झाला, तर हिरवा डबा नोटांनी टम्म फुगलेला असला तरी घर मीठ-भात खायचं. कोळसा संपला तर ती चुलीतली अर्धी जळलेली ढेकळं निवडून पुन्हा पेटवायची आणि डोळे पुसत स्वयंपाक करायची, पण लाल डब्याला काळ्या डब्यासाठी हात लावायची नाही. शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागायला गेली नाही, आणि कुणी मागायला आलं तर दारातूनच सांगायची की उसनं द्यायचा डबा आमच्याकडे नाही. ओळीतल्या बायका तिच्यावर जळायच्या आणि तिच्या मागे हसायच्या, दोन्ही कामं एकाच वेळी. शेजारची बेबीताई तर म्हणायची की त्या बाईला शिंक जरी आली तरी ती आधी शिंकेचा डबा शोधेल.

ठकूबाईला राग वेगळाच होता. तिला गुडाखूचा डबा नव्हता.

हे गुडाखूचं व्यसन तिला भिलाईतच लागलं. भंडाऱ्याकडच्या गावातून मुलगा इकडे आला तेव्हा प्लांट म्हणजे नुसते खड्डे आणि मातीचे डोंगर होते. ठकूबाईचे हातपाय तेव्हा धड होते. ती रेजा म्हणून कामावर लागली, डोक्यावर घमेलं घेऊन मातीच्या डोंगरावर चढायची आणि उतरायची. बरोबरच्या छत्तीसगढी बाया दुपारी झाडाखाली बसून काळ्या लगद्यासारखी तंबाखू दातांना चोळायच्या. तिनेही चोळली. पहिल्या दिवशी ओकली, आठवड्याने सवय झाली, महिन्याने तिच्याशिवाय पोट साफ होईना. आठवड्याची मजुरी ती मुकाट्याने सुनेच्या हातात द्यायची आणि सत्यभामा त्यातून तिला गुडाखूपुरते पैसे परत करायची, कारण तेव्हा सासू कमावती होती. मग खोदाई संपली, भट्ट्या पेटल्या, रेजांना घरी पाठवलं. मजुरी थांबली त्याच दिवशी गुडाखूही थांबली.

"मामीजी, कमाई हाये तवर शौक," सत्यभामा म्हणाली. तिकडच्या रीतीप्रमाणे ती सासऱ्याला मामाजी आणि सासूला मामीजीच म्हणायची, आणि शब्दात जितका मान तितकाच सुरात खार घालायची.

तेव्हापासून ठकूबाई गुडाखूसाठी बेबीताईच्या ओट्यावर जाऊन बसायची. बेबीताई काही धर्मादाय करणारी नव्हती. बोटभर गुडाखूच्या बदल्यात ती म्हातारीकडून सूपभर तांदूळ निवडून घ्यायची, लसूण सोलून घ्यायची, आणि वर सुनेच्या चुगल्या ऐकायला मिळायच्या त्या वेगळ्या. एकदा सत्यभामेने हे पाहिलं. भर ओळीत तिने सासूला हाताला धरून उठवलं. म्हणाली, लोकांच्या घरी मोलकरीण होऊन बसता, आमचं नाक कापता. ठकूबाई म्हणाली, मग तू दे. त्यावर उत्तर ठरलेलं होतं. डबा नाही.

त्या दिवशी ठकूबाईने मनाशी ठरवलं की आता शेळी घ्यायची. एक शेळी, आपल्या पैशाची, आपल्या नावाची. दूध विकायचं, पिल्लं विकायची, आणि त्या पैशाचं काय केलं हे कुणी विचारायचं नाही. जन्मभर तिच्या हातातून पैसा गेला होता, आधी बापाच्या हातात, मग नवऱ्याच्या, मग सुनेच्या. ज्याचा हिशोब दुसऱ्याला द्यावा लागत नाही असा पैसा कसा असतो, हे तिला मरायच्या आधी एकदा पाहायचं होतं. पण शेळी फुकट मिळत नाही, आणि तिच्याजवळ पदराच्या गाठीत दोन-तीन जुने आणे होते, तेही आता दुकानदार नाक मुरडून घ्यायचे.

तिने मुलाला विचारलं. पंजाबरावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने फळीकडे पाहिलं. झाली चर्चा.

पुढचं जे झालं ते एका रविवारी झालं. सेक्टरच्या टोकाला तट्ट्यांची एक शेड उभी केली होती, तिथे रविवारी बुद्धवंदना व्हायची. विहार बांधायचा होता, वर्गणी चालू होती. सगळं भैय्याजी बघायचे. भैय्याजी रेल्वेत कारकून, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलायला उभे राहिले की बसलेल्यांच्या पायांना मुंग्या येईपर्यंत बोलायचे. त्या दिवशी ते मजुरांच्या कॅम्पातल्या एका घरावर घसरले होते. त्या घराने म्हणे बाप मेल्यावर चोरून तेरवी घातली, गाव जेवू घातलं. भैय्याजी म्हणाले की आपण प्रतिज्ञा घेतल्या आहेत, श्राद्ध नाही, पिंड नाही, मेलेल्याच्या नावाने पंगत नाही. हे जो करतो त्याने नागपूरला दीक्षेच्या दिवशी काय केलं, नुसतं ऊन खाल्लं?

ठकूबाई खांबाला टेकून डुलकी घेत होती. 'तेरवी' हा शब्द कानात गेला आणि तिचे डोळे उघडले. समोर पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात सत्यभामा बसली होती, ताठ. दीक्षा घेतल्यावर आपल्या आणि इतरांच्याही घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडणारी तीच. विहाराची वर्गणी दारोदार मागणारीही तीच, आणि कुणी चार आण्यांची टाळाटाळ केली तर त्याला धर्मावरून बोलणारीही. ठकूबाईने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि तिला गुडाखू न लावताच तरतरी आली.

ती उठून उभी राहिली. भैय्याजींना वाटलं म्हातारीला बाहेर जायचं असेल. ते वाट द्यायला बाजूला झाले.

"भैय्याजी, मले एक सांगा. मी मेली तर माही तेरवी होईन का?"

"नाही आजी. आपल्यात नाही आता."

"आन् कोनी त्याच्यासाठी पैसे जमा करून राह्यलं असन तर?"

भैय्याजी म्हणाले, तोही दोषच. मनात जुनं धरून बसणंच ते.

"मंग माह्या घरी पांढऱ्या चिंधीचा डबा हाये, त्याले काय म्हनू?"

शेडमध्ये आधी कुणाला कळलं नाही. बेबीताईला कळलं, आणि ती पदर तोंडाला लावून शेजारणीच्या अंगावर कलंडली. मग एकेक करून सगळ्यांना कळलं. जिने सगळ्यांच्या घरातले देव बाहेर काढवले, तिच्या फळीवर सासूच्या तेरवीचा डबा. बायका वळून बघू लागल्या. पुरुष मागे होते, तेही सरकून पुढे आले. पंजाबराव तेवढा सरकला नाही, तो दाराकडे पाहत राहिला.

खरं म्हणजे सत्यभामेने ते पाप मुद्दाम केलं नव्हतं. देव नदीत गेले कारण ते देव होते. डबा फळीवर राहिला कारण तो खर्च होता. गावाहून निघताना तो ट्रंकेत आला, भिलाईत आल्यावर बाकीच्या डब्यांच्या रांगेत बसला, आणि दर महिन्याला हात आपोआप त्याच्याकडे वळत राहिला. ज्या गोष्टीसाठी तो ठेवला होता ती गोष्टच घरातून गेली आहे, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं ती नव्या धर्माने वागत होती आणि जुन्या धर्माची बचत करत होती.

पण सत्यभामा खाली मान घालणारी बाई नव्हती. ती उठली, वळली, आणि भर शेडमध्ये सासूसमोर उभी राहिली.

"हो, ठेवला डबा. कावून ठेवला तेबी सांगा ना लोकायले. मामाजी मेले तवा तेरवीले पैसा नोहता. तुमी माह्या पायातल्या चांदीच्या तोरड्या काढल्या. माह्या मायनं देल्ल्या होत्या. मी अंगनात बसली होती, तुमी पाय धरून काढल्या."

"तवा गावाची रीत होती," ठकूबाई म्हणाली. "नसती घातली तर गावानं थुंकलं असतं."

"आता रीत गेली. मंग तोरड्या वापस आल्या का?"

  तोरड्या काढताना सून रडली नव्हती, हे ठकूबाईला आठवलं. तेव्हा ते तिला बरं वाटलं होतं. उद्या पुन्हा कुणी मेलं तर आपल्या अंगावरचं कुणी काढून घेऊ नये, म्हणून या बाईने तेव्हापासून डबा भरायला घेतला. मरणारी आपण, आणि भीती तिला. या विचाराने ठकूबाईला दया यायला हवी होती. आली नाही. उलट वाटलं, म्हणजे एवढी वर्षं आपलं मरण ही तिच्यासाठी तोरड्यांची वसुली होती.

भैय्याजींच्या मनात मात्र दुसरंच चालू होतं. त्यांनी खाकरून डब्यात किती असतील ते विचारलं. शंभराच्या वर, असं कुणीतरी पुटपुटलं. बहुतेक पंजाबरावच, कारण त्याला आकडा माहीत असणं स्वाभाविक होतं आणि सांगणं मूर्खपणाचं. शंभर ऐकल्याबरोबर भैय्याजींचा आवाज मऊ झाला. म्हणाले, चुकीच्या कामासाठी ठेवलेला पैसा चांगल्या कामाला लागला तर दोष उरत नाही. विहाराच्या पत्र्याला अजून पैसे कमी पडतात. मागून कुणीतरी म्हणालं की मंडळाला सतरंज्याही नाहीत. पंजाबरावालाही धीर आला, आणि त्याने सायकलचा विषय काढला. बी शिफ्ट सुटल्यावर रात्री पायी यावं लागतं म्हणाला. ज्याच्या पगारातून तो डबा भरला होता तो माणूस तिथे सायकल मागत होता, जशी भीक मागावी.

सत्यभामा सगळ्यांचं ऐकत होती. तिच्या डोक्यात काय चाललं आहे ते फक्त ठकूबाईला ओळखता आलं, कारण गेली कित्येक वर्षं ती त्या डोक्यासमोर उंबऱ्यात बसत आली होती. पत्रा म्हणजे दुसरा डबा. सतरंजी म्हणजे दुसरा डबा. सायकलचा तर डबाच नाही. आणि एका डब्यातलं दुसऱ्यात जाणार नाही.

"डबा मामीजीच्या नावाचा हाये," सत्यभामा म्हणाली. "त्याच्यातला पैसा दुसरीकडं जात नाही. विहाराची वर्गणी मी वेगळी देतो."

ती तशीच पायताण घालून घरी गेली. शेड अर्धी तिच्या मागे निघाली, ठकूबाई सगळ्यात पुढे, वंदना तिथेच राहिली. तिने फळीवरून पांढऱ्या चिंधीचा डबा काढला आणि ओट्यावर आपटला. झाकण उडालं, नोटा आणि नाणी ठकूबाईच्या पायाशी पसरली. त्यात जुने आणे होते, नवे पैसे होते, एक चांदीचा रुपया होता.

"घ्या. आता मराल तवा मले बोलवू नोका."

"तुले बोलवाले मी उठून येईन का?" ठकूबाई म्हणाली, आणि वाकून एकेक नाणं वेचू लागली. मदतीला कुणी वाकलं नाही. तिने वाकूही दिलं नसतं.

पुढच्या बाजाराला ती एकटी उतईला गेली. तिथले शेळीवाले बाहेरची म्हातारी बघून भाव चढवतील असं ओळीत सगळ्यांना वाटत होतं. पण ठकूबाईने रेजा होऊन छत्तीसगढी बायांबरोबर माती उपसली होती, त्यांच्या बोलीत तिला शिव्याही येत होत्या. ती दुपारी काळी, भुऱ्या कानाची, दुसऱ्या वेताची शेळी ओढत आली. मागे करडू उड्या मारत होतं, आणि म्हातारीच्या दातांवर ताजी गुडाखू होती.

घरातलं युद्ध आता अंगणात आलं. पहिल्याच आठवड्यात शेळीने सत्यभामेची पालक खाल्ली. सत्यभामेने सासूसमोर हात पसरला, भाजीचे दोन आणे. ठकूबाईने गाठ सोडून दोन आणे दिले आणि वर सांगितलं की आता पालक आमची झाली, मुळासकट उपटते. उपटली आणि शेळीला घातली. मग सत्यभामेने अंगणात काट्यांची रेघ ओढली, इकडचं माझं, तिकडचं तुमच्या बकरीचं. क्वार्टर कंपनीचं, पण अंगणाची फाळणी या दोघींनी केली.

दुधावरून तर दोघींनी शरम सोडली. राऊत, म्हणजे तिकडचा गवळी, रोज सकाळी दूध घालायचा, पिवळ्या डब्यातून त्याला पैसे मिळायचे. आपल्या अंगणात शेळी असताना सत्यभामा राऊताचंच घ्यायची. ठकूबाईही घरात थेंब द्यायची नाही. बेबीताईला विकायची, रोख, त्याच भावाने ज्या भावाने राऊत विकतो, एक पैसा कमी नाही. बेबीताईने म्हटलं, आजी, इतके दिवस मी तुम्हाला गुडाखू दिली. ठकूबाई म्हणाली, इतके दिवस मी तुझे तांदूळ निवडले. बेबीताईचा चेहरा पडला, आणि तिला सत्यभामेची बाजू थोडी थोडी कळू लागली.

या सगळ्यात पंजाबरावाने एक हुशारी केली, त्याला शोभेल अशी. घरचा चहा सत्यभामा पाण्यासारखा करायची, म्हणून तो शिफ्टवरून येताना बेबीताईच्या नवऱ्याकडे बसून चहा प्यायचा. तो चहा त्याच्या आईच्या शेळीच्या दुधाचा. सत्यभामेला हे कळायला आठवडा लागला, तोही जास्तच झाला. तिने भांडण केलं नाही. तिने राऊताला बंद केलं. म्हणाली, घरातल्या माणसाला बाहेर दूध मिळतं तर घरात कशाला. पिवळ्या डब्याची चिंधी तिने सोडली आणि त्याला हिरवी बांधली. आता रिसालीच्या जागेचे दोन डबे झाले. पंजाबरावाला घरी काळा चहा आणि बाहेर बेबीताईच्या नवऱ्याचे टोमणे, असं दोन्हीकडून मिळू लागलं.

शेळीचं करडू मोठं झालं, बकरा निघाला, तो ठकूबाईने दिवाळीच्या आधी विकला. कुणाला, कितीला, हे कुणाला कळलं नाही. गिऱ्हाईक ती अंगणात आणत नव्हती, बकरा घेऊन बाजारात गेली आणि दोर हातात घेऊन परत आली. पैसे कुठे ठेवते तेही कळत नव्हतं. सत्यभामेने एकदा झाडताना तिचं गाठोडं हलवून पाहिलं, त्यात लुगडंच होतं. भुशाचं पोतं हलवून पाहिलं, त्यात भुसा होता. त्या घरातला एकूण एक पैसा कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, आणि आता त्याच घरात पैसा होता जो तिला दिसत नव्हता. हे तिला खाऊ लागलं.

त्या महिन्याच्या पगाराला डबे खाली उतरले. ठकूबाई उंबऱ्यात बसली नव्हती, ती अंगणात काट्यांच्या रेघेपलीकडे शेळी पिळत होती. सत्यभामेने वाटणी केली, झाकणं लावली, डबे फळीवर ठेवले. मग दारात आली. शेळी आल्यापासून तिने सासूला आपण होऊन काही विचारलं नव्हतं.

"किती झाले मामीजी आतापर्यंत?"

ठकूबाईने पिळणं थांबवलं नाही. धार भांड्यात पडत राहिली.

"झाले थोडे," ती म्हणाली.